रविवारची साक्ष

धाकटीच्या आईस, येशूच्या नावाने सलाम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. हॉटेलच्या चादरींना दिवसभर इस्त्री करतो, त्यामुळे हात तेवढे भाजतात.

रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली, की येशूनं माझा राग काढून घेतला. सोमवारी सोबतच्या धोब्यानं डागाळलेली चादर माझ्या ढिगात टाकली आणि मी त्याच्यावर हात उचलला. तो एवढंच म्हणाला, "काल सगळ्यांत मोठ्यानं आमेन मीच म्हटलं होतं."

रोज सकाळी स्वतःला येशूच्या हवाली करतो आणि दुपारपर्यंत परत हिसकावून घेतो. तो कंटाळत नसेल का गं?

फोनवर माझा आवाज आला की धाकटी अजून दाराआड जाते का? बाबा बदलला, असं तिला एवढ्यात सांगू नकोस.

तुझाच,
धाकटीचा बाबा