रातूंच्या डोक्यावर सहा आठवडे

कादावू, मंगळवार

ती. वासितीताईस,

अकोसिताचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल. (नसला तर सुवा शहरात तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊ नकोस, असं कोण म्हणालं होतं ते आठव.) आम्ही सारे खुशाल, मासे आणि चर्चमधली भांडणं दोन्ही मुबलक.

तुला ठाऊक आहेच, बालवाडीच्या बायांनी आता ऑनलाइन वर्ग पास करायचा. नाहीतर जानेवारीत माझी एकवीस पोरं दुसऱ्या बाईच्या हाती. आणि वर्गात तोंड उघडल्याशिवाय गुण नाहीत. मी फोनवरची चार बटणं शिकले, ऐटीत बसले, आणि बघते तर पडद्यावर माझी चौकट वर, आणि आपले गावचे सरदार, रातू नेमानी, बरोब्बर माझ्या खाली! (गावात वर्ग भरतो आणि आपण त्यात नाही, हे आपल्या सरदारांना सोसत नाही.) ज्यांच्या घरात मी गुडघ्यांवर सरकते, त्यांच्या डोक्यावर बसून बालमानसशास्त्रावर मत देऊ? मी बाहेर पडले, पुन्हा आत शिरले. पुन्हा वरच. असे सहा आठवडे. वर्ग घेणाऱ्या ब्रिस्बेनच्या ब्रिजेटबाईंनी शेरा मारला, 'तंत्रज्ञान कच्चं, आत्मविश्वास नाही.' तंत्रज्ञान कच्चं! तासात अकरा वेळा आत-बाहेर करणारी दुसरी दाखव या बेटावर.

शेवटी रीतीप्रमाणे भेटीला यांगोनाच्या पेयाची मुळी घेऊन रातूंची माफी मागायला गेले. ते पोट धरून हसले. "अगं वेडे, माझ्या फोनात तू पहिल्यापासून तळाशीच आहेस! माझ्या डोक्यावर बसते ती पलीकडच्या गावची बालवाडीवाली विलिसी. म्हणून मी सारखा उठून जातो. बाईंना वाटतं, माझी बॅटरी संपते." (ज्याच्या त्याच्या पडद्यावर बैठक वेगळी, हे कोणी सांगायचं?)

मग शेवटच्या वर्गाला आम्ही सगळ्या बालवाडीवाल्या रातूंच्याच घरी, त्यांच्याच एका फोनसमोर बसलो. ते खुर्चीवर, आम्ही चटईवर. ताई, मी बोलले! अठरा मिनिटं. ब्रिजेटबाईंनी डोळे पुसले. निकाल लागला: पडद्यावर नाव एक, पास एक. रातू नेमानी. त्यांनी डुक्कर कापून गावजेवण घातलं. वाढायला मीच होते.

तुझी,
अकोसिता

ता. क. फेरपरीक्षेचा अर्ज महिनाअखेरपर्यंत. एकटीने बोलायचं आहे. सगळा भरून ठेवलाय, पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीवर. 'पाठवा' बटण तेवढं तू दाब.

पुन्हा ता. क. मला दाबता येत नाही, असं समजू नकोस. चार वेळा बोट नेलं. तू दाबलंस म्हणजे मला मागे फिरता यायचं नाही.