मऊ तारा

तेत्सुरो भाऊजी,

त्या सकाळी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे गरम भात ठेवून मी घंटा वाजवली, तशी कोपऱ्यातली ह्यांची गिटार आपोआप गुणगुणली. संधिवाताची बोटं दुखायची म्हणून ह्यांनी तारा सैल केल्या होत्या, आणि त्याच घंटेच्या सुराला जुळवल्या होत्या.

हे ऑक्टोबरात गेले. तुमच्या हृदयाला सोसणार नाही म्हणून डॉक्टरांनी आजपर्यंत तुम्हाला कळवू दिलं नाही. मग वर्षअखेरची भेट म्हणून तुम्ही ह्यांच्यासाठी मऊ तारा पाठवल्यात, आणि त्याच सकाळी हॉस्पिटलातून तुमचा फोन आला.

“वहिनी, दादाला जरा वाजवायला सांगा ना!”

मी फोन गिटारीजवळ धरला आणि पुन्हा घंटा वाजवली.

“आधी देव्हाऱ्यातल्या आईला घंटा, मग एवढा एकच सूर? आळशी कुठला!” तुम्ही खूप हसलात.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या तारा चढवल्या आणि तुमच्या पुढच्या फोनसाठी गिटारीची शिकवणी लावली.

तुमची वहिनी,
फुसाए