तंबोरा जुळेपर्यंत

मी, शालिनी लक्ष्मीकांत देवस्थळे, वय एकाहत्तर, राहणार विजय नगर, इंदूर, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. शस्त्रक्रियेत माझे स्वरयंत्र काढले. बुद्धी जागेवर आहे. आजार आता फुफ्फुसांत उतरल्याने विलंब परवडणार नाही.

१. राहता फ्लॅट व उर्वरित सर्व काही माझा मुलगा मानस याचे. मात्र पुढच्या खोलीत माझी विद्यार्थिनी रुची पवार जोवर शिकवील, तोवर त्या खोलीच्या वापराचा हक्क तिचा. तोवर फ्लॅट विकू नये, खोली किरायाने देऊ नये. मानस म्हणाला होता, "आई, आवाजच गेला, तो अब कैसी क्लास?" उत्तर पुढील कलमात आहे.

२. या खोलीत सकाळी गाणे आणि संध्याकाळी निबंधलेखन शिकवले जाते. दोन्हींची पद्धत एकच, आणि ती समजावून सांगताना मला अजूनही हुरूप येतो. स्वर चुकला की मी तो गाऊन दाखवत नसे. तळहात वर करी. शिकणारा थांबे, तंबोरा ऐके, पुन्हा स्वर लावून पाही. वाक्य अडखळले की मी ते लिहून देत नसे. मुलाने आपला परिच्छेद मोठ्याने वाचायचा. प्रश्न दोन्हीकडे तोच: "काय ऐकलंस?" आयते दिले की मूल शिकवणाऱ्याला ऐकते, स्वतःला नाही. म्हणूनच आवाज गेल्यावरही वर्ग चालू राहिला. प्रश्न आता पाटीवर लिहिलेला असतो.

३. माझे दीर विक्रम यांनी आपल्या शिकवणीसाठी ही खोली मागितली आहे. "वहिनी, बच्चों को दो लाइन दे दो, खुश होऊन घरी जातात," हे त्यांचे शास्त्र. त्यांच्या वर्गातील सर्व मुलांच्या निबंधांत एकच आजोबा वारतात, तेही त्याच मंगळवारी. त्यांची वाजवायची पेटी माझ्याकडे आहे, ती परत द्यावी. खोली नाही.

४. तंबोरा रुचीला. हातोदहून बसने येणाऱ्या या मुलीला तो जुळवायला फार वेळ लागतो. पण ती स्वतःच्या कानाने जुळवते.

५. माझा देह याच खोलीत ठेवावा. तंबोऱ्याच्या तारा आधी सैल कराव्यात आणि रुचीने तो जुळवावा. षड्ज निसटेल. तरी कोणीही, विशेषतः विक्रम यांनी, खुंटीला हात लावू नये, की वर घे, खाली घे म्हणू नये. ती ऐकेल. तोवर मला उचलू नये.

हे कलम मानसला आजच वाचायला दिले. "आई, लोक ताटकळतील गं," म्हणाला, आणि रडला.

मी पाटीवर लिहिले: ताटकळू देत.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला गेला. वाचन अर्थातच मानसने केले. त्यानंतर मी सही केली, व माझ्यासमोर त्यांनी.

(सही) शालिनी लक्ष्मीकांत देवस्थळे

साक्षीदार:
१. धनेश मुळे, शेजारी (सही)
२. विनीता आपटे, निवृत्त शिक्षिका (सही)

इंदूर, १४ नोव्हेंबर २०२४