नवमीला उचललेली पक्कड

मी, कोदैनायकी, कै. रत्नवेलू यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, राहणार चिंताद्रिपेट, चेन्नई, धंदा रिची स्ट्रीटवर हत्यारांचे दुकान, आज लिहून ठेवते की माझे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना डॉक्टर पुरेसे वाटत नाहीत त्यांनी दुकानात येऊन माझ्याशी कुठल्याही पक्कडीवरून वाद घालून पाहावा. मी हे राजीखुशीने करत आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल असा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे.

वकील वरदराजन म्हणतात, मृत्युपत्रात कोणाला काय ते लिहावे, का ते लिहू नये. मी त्यांना म्हटले, "वकीलसाहेब, का ते सांगितल्याशिवाय मी कुणाला साधा स्क्रू-ड्रायव्हर दिला नाही. दुकान कसं देऊ?" तेव्हा ते लिहू लागले.

कलम पहिले. चिंताद्रिपेटचे राहते घर, गच्चीसकट आणि गच्चीवरच्या गळक्या टाकीसकट, माझा मुलगा इळंगो याला द्यावे. इळंगो वाईट मुलगा नाही. त्याला वस्तूची किंमत कळते, वस्तू कळत नाही, एवढेच. घर सांभाळायला तेवढे पुरते.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझ्या आजारपणाचे बिल भागवावे आणि उरलेले इळंगोच्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवावे. तिने काय शिकावे हे तिच्याशिवाय कोणी ठरवू नये. माझ्या बांगड्या आणि वैरकम्मल, म्हणजे कानातल्या हिऱ्याच्या कुड्या, तिच्याच. मोडून नवीन काही घडवायचे असेल तर खुशाल घडवावे.

कलम तिसरे. दुकान कोणाला हे सांगण्याआधी दुकान म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या नातलगांना ती फक्त चार भिंतींची जागा वाटते.

माझे पती रेडिओचे सुटे भाग विकत. ते गेले तेव्हा माझे धाकटे दीर, नाव सभापती, मला, म्हणजे त्यांच्या वहिनीला, सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णी, बाईमाणसानं फुलं विकावीत, मोगरा विकावा. पकडी विकणारी बाई कुणी पाहिलीय का?" तेव्हापासून सगळ्या बाजाराने पाहिली आहे. हत्यार हातात घेऊन पारखायला मी माझी मी शिकले. कापायच्या पक्कडीचे जबडे मिटवून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला तर ती परत डब्यात. मग टोकाने एक केस कापून पाहायचा, कारण मुळाशी तर कुठलीही पक्कड कापते. चिमटा दाबला की टोके एकमेकांवरून घसरता कामा नयेत. सोल्डरिंगचे आयर्न पातळ तारेवर सगळेच झकास चालते. जाड तांब्यावर टेकवल्यावर त्याचा ताव टिकतो का ते बघायचे. आणि गिऱ्हाइकाचा हात बघितल्याशिवाय काही द्यायचे नाही. माझ्या काउंटरवर आधी तळहात उघडायचा, मग पाकीट.

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांतल्या मुली मनगटे धरून यायच्या. दिवसभर फोनच्या सर्किट-बोर्डांवर तारा कापायच्या आणि त्यांच्या हातात पुरुषी पंजाच्या पकडी. सुपरवायझर म्हणे, नाचता येईना अंगण वाकडे. मी त्याला दुकानात बोलावून दाखवले की अंगण खरेच वाकडे आहे. हलक्या स्प्रिंगच्या, आखूड मुठीच्या पकडी मी खास त्या मुलींसाठी मागवल्या. आता बाजारात सगळेच त्या ठेवतात. सुरुवात कोणी केली हे मी मेल्यावर कोणी सांगणार नाही म्हणून इथे लिहिले.

दुरुस्तीवाल्यांनाही मी सोडले नाही. स्थिर वीज मारणारी महागडी चटई ऐटीत टेबलावर अंथरतात आणि तिची तार अर्थिंगला जोडायचीच विसरतात. अशांना मी सांगत असे, "मग त्यावर जेवायला तरी बसा." हसत हसत पुढच्या वेळी तार जोडून फोटो दाखवायला यायचे. हे सगळे म्हणजे माझे दुकान. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

कलम चौथे. दीर सभापती यांना पुठ्ठ्याचे ते एक खोके द्यावे. खोक्यात लाल-पिवळ्या मुठींच्या पकडी आहेत. त्यांच्याच ओळखीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून इळंगोने त्या घेतल्या होत्या. मुठीवर हजार व्होल्ट असे छापले आहे. छापायला काय, माझ्या कपाळावरही छापता येईल. खऱ्या पक्कडीची लाल साल तिच्या अंगावरच ओतलेली असते आणि तिच्याखाली पिवळा थर असतो. वरची साल कुठे कापली गेली, पिवळे दिसले, की ती पक्कड विजेच्या कामातून बाद. या खोक्यातल्या मुठी नुसत्या रबराच्या, वरून चढवलेल्या. कोणी चुकूनही वापरू नये म्हणून त्यांचे जबडे मी व्हाईसमध्ये धरून तोडून टाकले आहेत. सभापतींना त्या देवघरात ठेवता येतील.

कलम पाचवे. रिची स्ट्रीटवरचे दुकान, त्याची पागडी, नाव, सगळा माल, मागचे टेबल, मीटर, माझी स्वतःची हत्यारे आणि माझे स्टूल, हे सर्व माझी सून अरिवुसेल्वी हिला एकटीला द्यावे. इळंगोला नाही, दोघांना मिळून नाही, आणि ज्यांना ही जागा मोबाइलची कव्हरे विकायला हवी आहे त्यांना तर मुळीच नाही.

आता का ते सांगते. आमच्या घरात गेले काही महिने एक गोष्ट कुजबुजली जाते आहे. मी जिवंत असताना ती लेखी मोडून काढली नाही, तर माझ्या तेराव्याआधी अरिवुला त्या काउंटरवरून उठवतील.

गेल्या नवरात्रातल्या नवमीची गोष्ट. आयुधपूजेला आमच्याकडे काय असते ते कोणाला सांगायला नको. दुकानातले प्रत्येक हत्यार धुऊनपुसून देवीपुढे मांडले होते. चंदन, कुंकू, झेंडू. एकदा मांडले की दशमीच्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी शहरातला एकही कारागीर स्क्रूसुद्धा फिरवत नाही. संध्याकाळी पाऊस कोसळत होता, आरती झाली होती, सगळे नातलग दुकानातच होते. तेवढ्यात बाजारामागच्या प्रसूतिगृहाचा वायरमन पेरियसामी नखशिखांत भिजून दारात उभा राहिला.

"अम्मा, एक पक्कड द्या. माझी हत्यारांची पिशवी लांब आवडी गावाला, घरी देवापुढं आहे."

"झालं काय?" मी विचारले.

"लाइट गेले. जनरेटर चालू आहे, पण त्याची वीज बोर्डापुढं जातच नाही, जोड जळलाय. काचेच्या पेटीत जुळी पोरं आहेत, अम्मा. कुठलीही द्या, पण द्या."

इळंगोने चटकन चौथ्या कलमातले ते खोके उघडले. पूजेत मांडलेली नव्हती अशी तेवढीच हत्यारे दुकानात होती. त्याने एक पक्कड काढून पेरियसामीच्या हातात ठेवली. अरिवुने ती तिथूनच काढून घेतली, मुठीला नख लावले आणि ओढली. पायमोजा निघावा तशी मूठ निघाली.

"ही देताय त्यांना?" ती नवऱ्याला म्हणाली. "ओल्या हातात? ओल्या जमिनीवर?"

"मग काय करू? बाकीची सगळी पूजेत आहेत!"

ती वळली आणि देवीपुढची मोठी पक्कड उचलली. सभापतींची उचलली जीभ, लावली टाळ्याला. "अगं ए! हात लावू नकोस! अण्णी, बघताय काय? तुमची सून देवीच्या पुढ्यातलं उचलतेय!"

"देवीला कळतं, काका," अरिवु म्हणाली. "विजेला नाही कळत." बोलता बोलता ती स्पिरिटच्या बोळ्याने मुठीवरचे चंदन-कुंकू पुसत होती. ओले चंदन मुठीवर राहिले तर त्यातूनही वीज वाट काढते. साल कुठे कापली नाही ना, हे तिने उजेडात फिरवून बघितले. आमच्यात विधीपुढे कोणाला हे सुचत नाही. हत्याराला टिळा लावतो आणि तो नेमका मुठीवरच लावतो.

मी स्टुलावर बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी अरिवुला एवढेच म्हटले, "टेस्टरही दे. दोन टोकांचा. तो पेनासारखा दिव्यावाला नको."

तिने तोही देवीपुढून उचलला, भिंतीतल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर लावून चालतो का ते पाहिले आणि मगच दिला. "काम झालं की पुन्हा चालू लाइनवर लावून बघा," तिने सांगितले. "नाहीतर टेस्टर मेलाय की तार, कळायचं नाही."

प्रसूतिगृहात दिवे लागले. दुसऱ्या दिवशी पेरियसामी पक्कड परत घेऊन आला, तेव्हा तिच्या जबड्याला काळा चावा बसला होता. तार मेलेली आहे हे त्याने नीट तपासले होते, पण तो ती धरून असतानाच कोणीतरी घाईघाईत खटका वर केला. ठिणगी उडाली, जबडा जळला, माणूस तसाच उभा राहिला. त्याने ती पक्कड अरिवुच्या हातात दिली आणि काउंटरवर डोके टेकले. जुळी पोरे आता खुदुखुदु हसतात असे ऐकते.

पुढे पोंगलच्या सुमारास माझा खोकला वाढला आणि डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो समोर धरला. सभापतींना आयतेच निमित्त सापडले. देवी कोपली. सून पांढऱ्या पायाची निघाली. दुकानावर तिची सावली नको. इळंगोही आता मान खाली घालून म्हणतो, "अम्मा, लोक बोलतात. थोडे दिवस तिला घरीच बसू दे." म्हणून मी कायद्याच्या कागदावर जाहीर करते की माझा आजार माझा स्वतःचा आहे. खिडकी नसलेल्या मागच्या खोलीत मी वर्षानुवर्षे सोल्डरिंगचा धूर गिळला. धूर ओढून घेणारा पंखा आम्ही फार उशिरा बसवला. तोही बसवायला लावला तो अरिवुनेच. देवीचा यात काही हात नाही आणि अरिवुचा तर नाहीच नाही. उलट त्या संध्याकाळी, पाठीमागे घरचे ओरडत असताना तिने अचूक वस्तू उचलली, पुसली, तपासली आणि योग्य हातात दिली. मी आयुष्यभर जे करत आले ते हेच. हे करणारा दुसरा कोणी आमच्या घरात मी पाहिला नाही. तिचा मला अभिमान आहे. तोंडावर कधी म्हटले नाही, सासूला शोभत नाही म्हणून. इथे म्हणते.

कलम सहावे. माझ्यानंतर या दुकानात आयुधपूजा होऊ नये. ज्या पूजेमुळे माझ्या सुनेला नावे ठेवली गेली, ती पूजा मला नको.

हे कलम मी रागात सांगितले आणि वकिलांनी लिहून घेतले. मग कच्चा मसुदा मी अरिवुला वाचायला दिला, कारण वाचल्याशिवाय तिने घेतले असते तर मी तिला दिलेच नसते. पाचवे कलम वाचून तिने डोळ्यांना पदर लावला. सहावे वाचून पदर खाली आला.

"अत्तै, हे खोडा."

"का गं? तुझ्यासाठीच लिहिलंय."

"पूजा बंद केली तर सगळे म्हणतील, हिच्यामुळे देवीही गेली दुकानातून. मला पूजा हवी. मी लहानपणापासून केलीय. मी सांगते तसं लिहा, वकीलसाहेब."

माझ्यासमोर माझ्या वकिलाला हुकूम! वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "लिहा. आता मालकीण तीच आहे." तेव्हा वरचे सहावे कलम रद्द समजावे आणि त्याच्या जागी पुढचे कलम, अरिवुच्या शब्दांत, धरावे:

"नवमीला सगळी हत्यारं देवीपुढं मांडावीत, फक्त एक पूर्ण संच सोडून. तो पुसून, तपासून काउंटरवर उघडा ठेवावा. दारात जो येईल त्याला तो द्यावा. आणि देणारीला, मग ती कोणीही असो, घरच्यांनी प्रसाद आधी वाढावा."

शेवटचे वाक्य मला समजले नाही. मी विचारले, "हे प्रसादाचं काय मध्येच?"

ती कागदाकडे बघत म्हणाली, "त्या संध्याकाळी सगळ्यांना सुंडल वाटलं, अत्तै. माझ्यापर्यंत आलं आणि भांडं पुढं गेलं."

देवीपुढचे वाटीभर हरभरे, आणि ते घरच्या सुनेला चुकवून पुढे नेले! मला हे आजवर कोणी सांगितले नव्हते. पुढचे मीच लिहिते म्हणून मी वकिलांच्या हातातून पेन घेतले आणि इळंगोला हाक मारली. हरभरे सकाळीच भिजवले होते, दुसऱ्याच कशासाठी. मी त्याला म्हटले, "तू कर, खोबरं घालून, आणि तुझ्या हातानं तिला वाढ. सभापतींनाही फोन कर. येऊन बघू देत." तो आत गेला आहे. फोडणीचा वास येतो आहे. वकील आणि दोन्ही साक्षीदार ओसरीवर थांबले आहेत. त्यांना मी सांगितले आहे की आधी अरिवु खाईल, मग सह्या होतील.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. अरिवुसेल्वीने खाल्ले. पोटभर खाल्ले.

सही: कोदैनायकी रत्नवेलू

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार 1: ए. पेरियसामी, वायरमन, आवडी
साक्षीदार 2: डॉ. हेमलता गोविंदन, चिंताद्रिपेट

ठिकाण: चिंताद्रिपेट, चेन्नई
दिनांक: 14 मार्च 2019