डॉक्टरांना खोकून दाखवले

पौष वद्य पंचमी, चुडावा

चार दिवस वहीला हात लावला नाही, माफी असावी. परभणीच्या दवाखान्यात नातवापाशी होतो. दोन वर्षांचा जीव, छातीत न्युमोनिया. मी म्हणत होतो, याला डांग्या खोकलाही आहे. पण डॉक्टर आले की पोर नेमके निजलेले. माझे कोण ऐकणार?

काल डॉक्टरच म्हणाले, "कैसा खांसता बच्चा, करके बताव." मी करून दाखवले. एका दमात खोकत गेलो आणि शेवटी घशातून शिट्टी वाजवत श्वास ओढला. शेजारच्या खाटांवरचे लोक हसले. सून म्हणाली, "मामंजी, बस करा, समदे बघायलेत." डॉक्टर मात्र हसले नाहीत. डांग्याच आहे, म्हणाले. पोराची खाट वेगळी केली. उबळ सरली की लगेच घोटभर दूध पाजायला सांगितले.

आज सकाळचे दूध पोटात राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिथेच बसून पाहिले, उलटले नाही. मग सून म्हणाली, "आता तुमी घरी जा, न्हाईतर तुमचीच खाट टाकावी लागंल." ऐकून गाडीत बसलो. का ऐकले? दुपारचे दूधही राहिले असेल ना? राहिलेच असेल.

सूनबाई, इथे चुडाव्याच्या स्टेशनवर उतरणाऱ्या कुणापाशीही निरोप दे, पण उद्याच दे.