देवीचा हात

आई, या वर्षीही पालखी उठली. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर माझं बाकीचं पुराण थांबवून तेवढंच विचारलं असतंस. पालखी उठली, ढोल फुटायचाच बाकी राहिला, आणि बांगड्या चाचाच्या सुनेनंच भरल्या. देवीला शुद्ध करायला एक जीप आली होती, चाचाच्या सुनेला शुद्ध करायला दुसरी. दोन्ही आल्या वाटेनं धुरळा उडवत परत गेल्या. माझ्या हातात आत्ता हिरवा चुडा आहे आणि लिहिताना तो कागदावर घासतोय. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आलं तर दोष त्याचा.

तू जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता वर्तमानपत्रात लिहिते, म्हणजे तुझ्या भाषेत लोकांच्या खोड्या काढते आणि वर छापून आणते. धर्माच्या नावानं डोळे वटारणाऱ्यांवर लिहिलं की मला पत्रं येतात. हिंदूंची येतात, मुसलमानांची येतात, आणि पाकिटं आपसांत बदलली तरी मजकूर चालून जाईल इतकी ती सख्खी भावंडं असतात. मी घरात बसावं असं दोघांनाही वाटतं. एवढं एकमत मी आमच्या सुधारक मंडळींतही पाहिलं नाही. तिथं सभेचा अध्यक्ष ठरवतानाच दोन तट पडतात. हे सगळं कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते. लोक माना डोलावतात. खरं म्हणजे मी ते आपल्या देवळाच्या पायरीवर शिकले, मॅट्रिकच्या वर्षी, आणि शिकवायला तू होतीस.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण शहरात हे सांगितलं की लोकांना थाप वाटते, आणि मला ते एकदा नीट ओळीनं मांडून पाहायचं आहे. आपली देवी म्हणजे शेंदूर लावलेला गोल दगड आणि त्याला दोन चांदीचे डोळे. पालखीत बसतो तो तिचा मुखवटा. पण चैत्रातल्या जत्रेला देवीला चुडा भरल्याशिवाय पालखी उठायची नाही, ही गावाची रीत. दगडाला चुडा भरणार कुठं? म्हणून आपल्या घरातल्या बाईनं देवीच्या वतीनं हात पुढं करायचा. त्या दिवसापुरता तो देवीचा हात. आणि त्या हातात बांगड्या भरायचा मान चाचाच्या घरचा. चाचा जातीचा मणियार, धर्मानं मुसलमान, घर आपल्या आळीच्या टोकाला. बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणाऱ्याला नमस्कार करायचा, ही तर घरोघरची रीत. तेव्हा आपल्या गावात वर्षातून एकदा देवी चाचाला नमस्कार करायची. चाचा ओशाळून दाढीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "सुखी रवा." देवीला असा आशीर्वाद देणारा दुसरा माणूस मी पुढं कुठंही पाहिला नाही.

यात वावगं काय आहे, हे गावाला कधी कळलं नव्हतं. ते कळवायला बाहेरून माणसं यावी लागली. पुण्याच्या बाजूनं एक बुवा यायला लागला, भगवी कफनी, खणखणीत आवाज. मुंबईच्या बाजूनं मौलवीसाहेब यायला लागले, त्यांचा आवाज मऊ, पण बोट सारखं वर. दोघं खालापूरला एकाच थांब्यावर उतरत आणि एकमेकांचं तोंड पाहायला लागू नये म्हणून एक पानाच्या गादीकडे बघत उभा राही, दुसरा आभाळाकडे. बुवाच्या मते चाचाच्या हातानं देवी बाटत होती. मौलवींच्या मते देवीच्या हातानं चाचा. हात एकच, तुझा. आणि तुला कुणीच विचारलं नव्हतं.

त्या वर्षी मौलवी आधी जिंकले. तू चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली आहेस, मी पाटावर पुस्तक घेऊन अभ्यासाचं सोंग करते आहे, आणि मागच्या दारात चाचा येऊन उभा राहतो. आत ये म्हटलं तरी येत नाही.

"वैनी, अवंदा मी येत नाय."

"का, पाय मोडला?"

"मौलवीसायब म्हंतात, बुताला, म्हंजी मूर्तीला, बांगड्या घालनं हराम हाय. आयकलं नाय तर पोरीच्या निकाहाला कोन येनार नाय, असं ठरलंय. पोर बिनलग्नाची घरातच निबर व्हायची, वैनी. मी पनवेलला भावाकडं जातो ऱ्हायाला. सामान बांधलंय."

तू भाकरी उलटलीस. ती फुगेपर्यंत काही बोलली नाहीस, आणि चाचाही थांबला, कारण तुझी भाकरी फुगत असताना बोलायची रीत नव्हती.

"भाई, तू बुताला बांगड्या घातल्यास कवा?"

चाचानं विचार केला. "नाय घातल्या."

"मंग कुनाला घालतोस?"

"तुमाला."

"मी बुत हाय?"

"तुमाला बुत म्हनायची कुनाची छाती हाय," चाचा म्हणाला, आणि मौलवी गावात यायला लागल्यापासून पहिल्यांदा हसला.

"मंग जा नि तसं सांग त्या मौलवीला. आनि भाकर खाऊन जा."

चाचानं सांगितलं. मौलवी म्हणाले, परक्या बाईचा हात धरणं तेही बरं नाहीच. तेव्हा तालुक्यातले सगळे मणियार एकमेकांकडे बघायला लागले, कारण सगळेच बायकांचे हात धरून पोट भरत होते. कुणीतरी अदबीनं विचारलं, मग आम्ही बांगड्या पुरुषांना भरायच्या का. मौलवीसाहेब मुळात भले गृहस्थ असावेत. ते बराच वेळ बोट खाली ठेवून बसले, नियत साफ ठेवा म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले. चाचानं सामान सोडलं नाही, पण पनवेलला गेलाही नाही. जत्रेचं काय होतं ते बघून ठरवू, म्हणाला. म्हणजे आता सगळं बुवावर येऊन ठेपलं.

बुवा साधा नव्हता. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी देवळासमोर त्यानं सभा घेतली. सगळं गाव जमलं, कारण फुकटची करमणूक आपल्या गावानं कधी सोडली नाही. बुवा म्हणाला, उद्यापासून देवीला चुडा धर्माच्या माणसाच्याच हातून. कर्जतच्या बाजारातून कासार बोलावला आहे, बांगड्याही तिकडूनच येतील. मग गुरवाकडे वळून म्हणाला, "देवीच्या हाताचं माप सांगा." गुरव बिचारा भित्रा. खाली बघून पुटपुटला, "हात नाय जी."

बुवा पुढं झुकला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम जे तेज आलं ते मी अजून विसरले नाही. "हात नाहीत?" तो म्हणाला. "कुणी तोडले?" आणि गुरवाला उत्तराची संधी न देता त्यानं घोडेस्वार आणले, तलवारी आणल्या, देवीचे दोन्ही हात खांद्यापासून उडवले, त्या हातांचा सूड कुणी घ्यायचा ते सांगितलं आणि ज्यांनी तोडले त्यांच्याच औलादीकडून बांगड्या भरून घेता, असं म्हणून गावाची लाज काढली. लोकांच्या अंगावर काटा आला. चाचा मागं चिंचेखाली उभा होता, तो आणखी मागं सरला. मला आठवतं, माझ्या शेजारच्या माणसानं वळून त्याच्याकडे बघितलं, रोज त्याच्याकडून विडी मागणाऱ्या माणसानं. तेवढ्या एका नजरेत गाव गेलं असतं, आई. मग गुरवानं धीर करून तोंड उघडलं. "तोडलं नाय जी. नव्हतंच. दगुड हाय."

पहिली तू हसलीस. पदर तोंडाला लावून, पण आवाजानं. मग तुझ्या मागच्या बायका, मग म्हातारे, मग तो विडीवाला. देवीचं रक्षण करायला आलेल्या माणसानं देवी कधी पाहिलीच नव्हती. माझ्या सगळ्या लेखनाचं भांडवल मला तिथं एका झटक्यात मिळालं, आणि मी अजून त्यावरच जगते आहे.

पण हसण्यानं बुवा गेला नाही. ज्याला स्वतःचंच हसू येतं तो माणूस जातो. ज्याचं हसू होतं तो आणखी हट्टाला पेटतो, हे मी तेव्हा शिकले. सकाळी तो आणि त्याची माणसं पायरीवर हजर, सोबत कर्जतचा कासार. हात कुणाचा ते आता त्यांना कळलं होतं. तू आंघोळ करून, नऊवारी नेसून आलीस आणि पाटावर बसलीस. मला वाटलं, संपलं. बाबा पंचांत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. कासारानं तुझा उजवा हात हातात घेतला, आणि तू मूठ वळलीस.

बांगडी भरायची तर हात सैल लागतो, अंगठा आत घ्यावा लागतो, हे बाईच्या जातीला सांगावं लागत नाही. तू मूठ अशी आवळलीस की भात झोडून झोडून घट्टे पडलेली तुझी बोटं पांढरी पडली. कासारानं पहिली बांगडी लावली, ती तडकली. दुसरी लावली, तीही. देवीच्या जत्रेला देवीच्या हातात काच फुटते आहे म्हटल्यावर बायकांत कुजबूज सुरू झाली. कासाराला घाम फुटला. तो हळूच म्हणाला, "मावशे, सोड गं हात, माझ्या पोटावर पाय नको." तू त्याला तितक्याच हळू म्हणालीस, "तुज्याशी भांडान नाय रं बाबा. तू जेवून जा."

बुवा पुढं आला. "बाई, हात सैल सोडा."

"ह्यो हात देवीचा हाय, म्हंता ना?"

"हो."

"मंग देवीला सांगा."

ढोलवाला ढोल धरून उभा, भोई खांद्यावर फडकी टाकून उभे, ऊन चढलेलं. बुवानं देवळात शेंदराकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. आयुष्यभर देवीच्या वतीनं बोललेला माणूस, आणि देवीशी बोलायची वेळ आली तेव्हा त्याला शब्द सुचेना. तू चिंचेकडे बघून नेहमीच्या आवाजात हाक मारलीस, जशी भाजी घ्यायला मारायचीस. "भाई, ये. उशीर झाला."

चाचा आला. गर्दीनं वाट दिली. विडीवाल्यानं तर दोघांना ढकलून वाट केली. चाचा खाली बसला, बोचकं सोडलं, आणि तुझी मूठ आपोआप उघडली. बांगड्या अशा चढल्या की काचेचा आवाजही झाला नाही. मग तू पदर सावरून वाकलीस आणि चाचाला नमस्कार केलास. बुवा ओरडला, "देवी मुसलमानाला नमस्कार करते?"

तेव्हा बाबा बोलले. आयुष्यात चारचौघांत ते फारसे कधी बोलले नाहीत, पण जे बोलले ते हे. "दर वर्साला करते. तुमी पयल्यांदाच आलात."

मग ढोल. तो ढोल मला अजून ऐकू येतो. पालखी उठली तशी गावानं जी आरोळी दिली ती पळसदरीपर्यंत गेली असेल. चाचानं घरी जाऊन सामान सोडलं. पोरीच्या निकाहाला अर्धं गाव आणि सगळे मणियार आले, आणि बुवानं पायांना पुन्हा आपल्या गावाची वाट दाखवली नाही. तो जिवंत होता तोवर दुसऱ्या गावांत आपलं गाव कसं भ्रष्ट आहे ते सांगायचा, आणि त्यामुळे जत्रेची गर्दी वाढली.

पुढं मी कॉलेजात गेले, चार पुस्तकं वाचली आणि सुट्टीत येऊन तुला ऐकवलं की तुझी देवी म्हणजे नुसता दगड आहे. तू भांडी घासत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मला म्हायती हाय गं. शेंदूर मीच लावते." मी खाली बसून भांडी विसळायला लागले. माझे सुधारक मित्र आजही मला विचारतात, तुम्ही देव मानत नाही, मग ही जत्रा बंद का करत नाही? मी त्यांना विचारते, देवीला हात किती? बहुतेक जण दोन म्हणतात, एक-दोघं आठ म्हणतात. मग मी विषय बदलते.

आणि बाबा गेले त्या वर्षीचं तर मी कितीदा सांगितलं असेल. पंच घरी आले, ओट्यावर बसले, घसा खाकरत म्हणाले की चुड्याला सवाष्णीचा हात लागतो, आता दुसरी बाई बघायला पाहिजे. तू चहा ठेवलास, पुढ्यात दिलास आणि विचारलंस, "देवीचा न्हवरा मेलाय का?" चहा पिऊन मंडळी गेली. जत्रेला चाचानं तुला नेहमीसारखा हिरवा चुडा भरला, आणि "सुखी रवा" नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला. तुझ्या मागून हात माझ्याकडे आला. त्याच्या मागून बोचकं त्याच्या सुनेकडे.

या वर्षी दोन्ही जीपवाल्यांनी कर्णे लावले होते. मी जोरदार तयारीनं गेले होते. दोन्हीकडच्यांना काय काय ऐकवायचं ते वाटेत घोकलं होतं. वेळच आली नाही. गावानंच दोघांना विचारलं, देवीला हात किती, आणि पोरंसुद्धा हसायला लागली. तुझं हसू गावात राहिलंय, आई. जिंकलेलं आहे ते.

हे पत्र तुला पोचणार नाही, आणि ते छापायलाही मी देणार नाही, कारण शेवटची गोष्ट माझ्या वाचकांना कळायला नको. ते मला फार कडक समजतात. चाचाच्या सुनेनं हात हातात घेतला तेव्हा समोर बुवा नव्हता, मौलवी नव्हता, अडवणारं कुणीच नव्हतं. तरी मी मूठ वळली. तुझ्यासारखी जमते का ते बघायला. तिनं माझ्याकडे बघितलं, अंगठ्याखाली नुसतं हलकेच दाबलं, आणि म्हणाली, "ताई, सोडा की." मूठ लगेच उघडली.