बिनहिरवं शेवाळ

वोम्झा, ४ मार्च

ती. हालिनाताईस,
सा. न. वि. वि.

माझ्या सहा गाई सुजलेल्या कासेनं उभ्या आहेत. दुधात नुसतं पाणी आणि गुठळ्या. डॉक्टरांनी तीन औषधं टोचली, संत आगाताच्या दिवशी चर्चमधून आणलेला पाव नि मीठ चारलं, सगळं फुकट. हे शेजारच्या झेनोनचं काम आहे. जानेवारीत कुंपणावरून वाजलं, तेव्हाच तो म्हणाला होता की तुझा गोठा रिकामा झालेला बघीन.

काल त्याला गाठून शेण ओढायच्या दांडक्यानं हाणलं. डावा हात मोडला, कपाळ फुटलं. त्याची बायको किंचाळत होती तरी थांबलो नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. सहाही गाईंचं दूध बाटल्यांतून पाठवतोय, कुठली गाय कधी नि कुठून आणली ते बाटलीवर लिहिलंय. तुझ्या प्रयोगशाळेत विष शोधून दे, म्हणजे कोर्टात त्याच्या तोंडावर फेकतो.

गाई आटल्या, तू आटू नकोस.
तुझा विटोल्ड

लुब्लिन, १३ मार्च

चि. विटोल्ड यास,
आशीर्वाद, या खेपेला हात आखडूनच.

गाढवा, विष नाही, शेवाळ आहे. तळ्यातल्या शेवाळाचंच भावंड, पण बिनहिरवं. याचे पूर्वज उन्हावर पोट भरत. पुढे ओल्या, कुजक्या जागी आयतं खायला मिळू लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या उन्हातून अन्न करायची कला मोडीत निघाली. हिरवा रंगही गेला. जिथे ते अन्न शिजायचं ती चूल पेशीत अजून आहे, पण थंड. आता ते तुझ्या गाईंची कास आतून खातंय. जंतू नाही, म्हणून जंतूंची औषधं लागू पडत नाहीत. त्या सहा गाई कापायला पाठव, नाहीतर उरलेल्याही जातील.

हे दूध काढायच्या यंत्रातून एका कासेतून दुसरीत जातं. ऑक्टोबरात बाजारातून आणलेल्या गाईच्या बाटलीत सगळ्यात जास्त निघालं. तुझं यंत्र आणखी कुठे गेलं होतं का, ते कळव. लहानपणी माझी बाहुली फोडून तू मांजरावर आळ घेतला होतास, आणि वर त्या मांजराला बदडलंही होतंस.

राग आहे, माया आहे, दोन्ही पोचवते.
तुझी ताई

वोम्झा, २२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

यंत्र झेनोनकडे गेलं होतं. नोव्हेंबरात त्याचं बिघडलं, तेव्हा मीच पंधरा दिवस दिलं. आमच्याकडे शेजाऱ्यानं यंत्र मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. त्याच्याही अकरा गाईंना तेच झालंय. नाचक्की नको म्हणून तो गप्प होता.

मी जाऊन त्याच्या बायकोसमोर सगळं कबूल केलं. त्यानं मला भिंतीला सरळ उभं राहायला सांगितलं आणि मी त्या दिवशी तिथेच टाकून आलेलं दांडकं चांगल्या हातानं घातलं. दोन दात गेले, जबडा हललाय. मी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघांच्या गाई न्यायला एकच ट्रक आला. त्याला एका हातानं दोर बांधता येईना, म्हणून मीच बांधले. त्याची मालिना गाय तेवढी चढेना. फळीवर गुडघे टेकून हंबरत राहिली. त्यानं दांडकं उचललं, परत खाली केलं, नि माझ्या हातात दिलं. म्हणाला की तुला मारता येतं, तूच मार.

मी मारलं, ताई. ती चढेपर्यंत मारलं.

यापुढे लोभ ठेवायचा की नाही, तूच ठरव.
विटोल्ड